पॅकेज-अवलंबन निरसन

पॅकेज-अवलंबन निरसन : संगणकावर एखादी नवी आज्ञावली बसविताना तिला लागणाऱ्या इतर सर्व आज्ञावलींचा, कोणाच्याही अटीचा भंग होणार नाही असा, आवृत्तीनिहाय संच शोधून काढण्याची क्रिया. हे काम पॅकेज व्यवस्थापक अथवा इन्स्टॉलर या नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र आज्ञावली करते. वापरणाऱ्याने फक्त एका पॅकेजाचे नाव सांगावे आणि बाकीचे शेकडो निर्णय इन्स्टॉलरने घ्यावेत अशी ही व्यवस्था आहे. अटी परस्परविरोधी असल्या म्हणजे हे निर्णय अवघड होतात. विरोधाचे निरसन हा वरवर केवळ हिशेबाचा वाटणारा प्रश्न वस्तुतः तर्कशास्त्रातील एका कुप्रसिद्ध कठीण प्रश्नाचेच दुसरे रूप आहे.

समस्येचे स्वरूप : आजची आज्ञावली क्वचितच स्वयंपूर्ण असते. चित्रे उलगडणे, मजकूर सांकेतिक लिपीत बदलणे, तारखांचे गणित करणे यांसारखी कामे ती इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या लायब्ररींकडून करून घेते. त्या लायब्ररी आणखी काही लायब्ररींवर विसंबून असतात. आज्ञावलीच्या फाइली आणि तिच्याविषयीचे टिपण एकत्र बांधलेले गाठोडे म्हणजे पॅकेज. टिपणात पॅकेजाचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, त्याला लागणारी इतर पॅकेजे आणि त्यांच्या चालणाऱ्या आवृत्त्या यांची नोंद असते. काही पद्धतींत ज्यांच्याशी आपले जमत नाही अशा पॅकेजांची यादीही टिपणात देता येते.

विरोधाचे मूळ बहुधा तिसऱ्याच पॅकेजात असते. ‘क’ या पॅकेजाला ‘ख’ आणि ‘ग’ ही दोन पॅकेजे लागतात. ख आणि ग या दोहोंनाही ‘घ’ लागते. या संबंधांची आकृती काढल्यास ती शंकरपाळ्याच्या आकाराची दिसते. ख आणि ग यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, त्यांच्या लेखकांनी एकमेकांची नावेही ऐकलेली नसतील. तरीही ख ला घ ची नवी आवृत्ती हवी असेल आणि ग चे जुन्या आवृत्तीवाचून चालत नसेल, तर क च्या घरात त्यांचा कलह उभा राहतो.

हेच उदाहरण थोडे पुढे नेता येईल. ख च्या १ व २ अशा दोन आवृत्त्या उपलब्ध आहेत. आवृत्ती २ ला घ ची २ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. आवृत्ती १ ला घ ची कोणतीही आवृत्ती चालते. ग ची एकच आवृत्ती असून तिला घ ची २ च्या आधीची आवृत्ती हवी. घ च्या १ व २ या आवृत्त्या आहेत. इन्स्टॉलर सामान्यतः सर्वांत नव्या आवृत्तीपासून सुरुवात करतो. तो ख २ निवडतो, त्यामुळे घ २ निवडणे भाग पडते, आणि मग ग च्या अटीपाशी वाट बंद होते. घ ची निवड बदलून उपयोग नाही, कारण ख २ ला घ १ चालत नाही. तेव्हा आणखी मागे जाऊन ख १ घ्यावे लागते. त्याबरोबर घ १ आणि ग १ विनातक्रार जमतात. येथे उत्तर होते, परंतु प्रत्येक पॅकेजाची सर्वांत नवी आवृत्ती घ्यावी या सरळ धोरणाने ते सापडले नसते.

पायथन या भाषेचा पिप हा इन्स्टॉलर अनेक वर्षे याच सरळ धोरणाने चालत असे, किंबहुना त्याहूनही ढिलाईने. एखाद्या पॅकेजाविषयी जी अट प्रथम पुढे येई ती तो पाळी. नंतर आलेल्या विरोधी अटीकडे तो दुर्लक्ष करी. परिणामी पॅकेजे बसविली जात, पण ती एकत्र चालतीलच याची हमी नसे, आणि चूक उघडकीस येई ती आज्ञावली प्रत्यक्ष चालू असताना. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसृत झालेल्या २०.३ या आवृत्तीत पिपला मागे फिरून शोध घेणारी नवी यंत्रणा देण्यात आली. त्यानंतर पूर्वी ‘चालत’ असलेल्या अनेक याद्या इन्स्टॉलर नाकारू लागला आणि वापरणाऱ्यांना तो बिघडला असे वाटले. वस्तुतः त्या याद्यांतील विरोध आधीपासूनच होता, तो आता बोलू लागला इतकेच.

काठिण्य : मागे फिरून पुन्हा शोधणे हा उपाय लहान उदाहरणात पुरेसा असतो. तीस पॅकेजे आणि प्रत्येकाच्या दहा आवृत्त्या धरल्या, तर आवृत्त्यांच्या संभाव्य जुळण्यांची संख्या १ वर ३० शून्ये इतकी होते. सेकंदाला शंभर कोटी जुळण्या तपासणारा संगणकही त्या सर्व तपासण्यास सुमारे ३० लाख कोटी वर्षे घेईल. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. अर्थात संख्या मोठी आहे म्हणून प्रश्न कठीण ठरतो असे नव्हे, कारण सर्व जुळण्या न तपासता उत्तर काढण्याची युक्ती असू शकते. तशी सर्व प्रसंगी उपयोगी पडणारी जलद युक्ती आहे काय, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर बूलीय समाधेयता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नाशी जोडलेले आहे. खरे किंवा खोटे ही दोनच मूल्ये घेणारी अनेक चले आणि त्यांवरील ‘अमुक खरे किंवा तमुक खोटे’ अशा स्वरूपाची अनेक विधाने दिली असता, सर्व विधाने एकाच वेळी साधतील अशी मूल्ये आहेत काय, हे ठरविणे म्हणजे समाधेयतेचा प्रश्न. स्टीव्हन कुक यांनी १९७१ मध्ये आणि लिओनिद लेव्हिन यांनी स्वतंत्रपणे (प्रसिद्धी १९७३) दाखविले की, ज्यांचे उत्तर मिळाल्यावर ते पटकन पडताळता येते अशा प्रश्नांच्या एका विशाल वर्गातील प्रत्येक प्रश्न या प्रश्नाच्या रूपात मांडता येतो. अशा प्रश्नांना एनपी-पूर्ण म्हणतात. त्यांपैकी एकालाही सर्व प्रसंगी लागू पडणारी जलद रीत सापडलेली नाही. ती असू शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

पॅकेजांचा प्रश्न याच वर्गात मोडतो, हे पुढील रचनेवरून दिसते. समाधेयतेच्या प्रश्नातील प्रत्येक चलासाठी एक पॅकेज कल्पावे. त्याची आवृत्ती १ म्हणजे ‘खरे’ आणि आवृत्ती ० म्हणजे ‘खोटे’. प्रत्येक विधानात तीन पर्याय असतील तर त्या विधानासाठी तीन आवृत्त्यांचे एक पॅकेज कल्पावे आणि त्यातील प्रत्येक आवृत्ती एकेका पर्यायाला अनुरूप अशा चल-पॅकेजाच्या नेमक्या आवृत्तीवर अवलंबून ठेवावी. शेवटी ही सर्व विधान-पॅकेजे मागणारे एक मूळ पॅकेज योजावे. ते बसविता येणे आणि मूळची विधाने एकाच वेळी साधणे या दोन्ही गोष्टी एकच ठरतात. म्हणून प्रत्येक पॅकेज-प्रश्न झटपट सोडविणारा इन्स्टॉलर कोणाला लिहिता आला, तर त्याने गणनशास्त्रातील एक मोठा अनिर्णित प्रश्नच निकालात काढला असे होईल. डेबियन या लिनक्स वितरणातील पॅकेजांविषयी हा निष्कर्ष यूरोपातील एडॉस या संशोधन प्रकल्पात (२००४–०७) रोबेर्तो दि कोस्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला.

या रचनेत चार गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पॅकेजाची सर्व अवलंबने बसविलीच पाहिजेत; निरनिराळ्या आवृत्त्यांची अवलंबने निरनिराळी असू शकतात; अवलंबन नेमक्या आवृत्तीवर ठेवता येते; आणि एका पॅकेजाच्या दोन आवृत्त्या एकत्र बसविता येत नाहीत. गो या भाषेच्या रचनाकारांपैकी रस कॉक्स यांनी २०१६ मध्ये या गृहीतकांची अशी फोड केली. पहिल्या दोहोंना हात लावणे कोणालाच परवडत नाही. उरलेल्या दोहोंपैकी एखादे सोडले तर काठिण्य नाहीसे होते. मात्र त्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. आजच्या निरनिराळ्या इन्स्टॉलरांतील भेद बहुतांशी या किमतीविषयीच्या मतभेदांतून निघाले आहेत.

शोधाच्या रीती : काठिण्य सिद्ध झाले म्हणून व्यवहार थांबत नाही. एनपी-पूर्ण प्रश्नाची प्रत्यक्षात आढळणारी उदाहरणे बहुधा त्याच्या अत्यंत वाईट उदाहरणांहून पुष्कळ सौम्य असतात. समाधेयतेचे प्रश्न सोडविणाऱ्या आज्ञावलींचा पाया मार्टिन डेव्हिस आणि हिलरी पटनम यांनी १९६० मध्ये घातला. डेव्हिस, जॉर्ज लॉगमन आणि डॉनल्ड लव्हलंड यांनी १९६२ मध्ये त्या रीतीला आजचे रूप दिले. तीत एका चलाचे मूल्य तात्पुरते गृहीत धरतात, त्यावरून जी मूल्ये अपरिहार्य ठरतात ती काढतात, आणि विरोध आला की गृहीत मूल्य पालटतात. वरच्या उदाहरणात ख २ गृहीत धरताच घ २ अपरिहार्य झाले, ते याच प्रकारे.

या रीतीतील मोठी उणीव अशी की, ती चुकांतून काही शिकत नाही. समजा, ख निवडल्यानंतर आणि घ पर्यंत पोहोचण्यापूर्वी इन्स्टॉलरने आणखी वीस असंबद्ध पॅकेजांच्या आवृत्त्या निवडल्या होत्या. विरोध दिसताच तो सर्वांत शेवटची निवड पालटतो, पुन्हा त्याच विरोधाला धडकतो, मग त्याआधीची निवड पालटतो, आणि असे त्या विसांच्या सर्व जुळण्या संपेपर्यंत चालते. खरा दोष मात्र विसांपैकी एकाचाही नाही. जुआंव मार्केस-सिल्व्हा आणि करीम सकल्ला यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या रीतीत विरोधाची कारणपरंपरा उलट दिशेने तपासून त्याचे सार एका नव्या विधानात नोंदवितात. प्रस्तुत उदाहरणात ते विधान असे : ‘ख २ आणि ग १ एकत्र येऊ शकत नाहीत.’ ग ची दुसरी आवृत्तीच नसल्याने ख २ कायमचे बाद होते आणि इन्स्टॉलर वीस पावले ओलांडून थेट ख च्या निवडीपाशी परततो. एका चुकीचा उपयोग पुढील हजारो चुका टाळण्याकडे होतो. लाखो चले असलेले प्रश्न यामुळेच आज काही सेकंदांत सुटतात.

लिनक्स वितरणांतील अनुभव : या रीती इन्स्टॉलरांपर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास डेबियनचे डीपीकेजी आणि रेड हॅटचे आरपीएम ही साधने आली. ती अटी तपासत, पण पुरी करीत नसत. एक पॅकेज बसवू गेले की दुसरे नाही अशी तक्रार येई. ते शोधून आणले की तिसऱ्याची मागणी पुढे येई आणि कधीकधी ही साखळी फिरून पहिल्यापाशीच परत येई. वापरणाऱ्यांनी या अनुभवाला ‘डिपेंडन्सी हेल’, म्हणजे अवलंबनांचा नरक, असे नाव दिले. ते अतिशयोक्त खरे, पण ज्यांनी ते भोगले त्यांना तसे वाटत नाही.

डेबियनसाठी १९९८ मध्ये पुढे आलेल्या एपीटी या साधनाने लागणारी पॅकेजे स्वतः शोधून आणण्याचे काम अंगावर घेतले. त्याचा शोध अनुभवजन्य आडाख्यांवर चाले : कोणत्या पॅकेजावर किती इतर पॅकेजे अवलंबून आहेत यावरून प्रत्येकास गुण देत आणि विरोधात कमी गुणांच्या पॅकेजाला माघार घ्यावी लागे. हे आडाखे बहुतेक वेळा यशस्वी होत. क्वचित मात्र उत्तर असूनही ते सापडत नसे, आणि ‘उत्तर नाही’ व ‘उत्तर सापडले नाही’ यांतील भेद वापरणाऱ्यास कळत नसे. पूर्ण शोधाची हमी देणाऱ्या रीती २००७ नंतर रूढ होऊ लागल्या. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी ओपियम हे प्रायोगिक साधन मांडले. जून २००८ मधील ओपनसूझे ११.० या वितरणात समाधेयतेवर आधारलेला इन्स्टॉलर प्रत्यक्ष वापरात आला. त्यातूनच पुढे लिबसॉल्व्ह ही लायब्ररी विकसित झाली आणि २०१५ मध्ये फेडोरा २२ ने तीवर आधारलेले डीएनएफ हे साधन स्वीकारले. वैज्ञानिक गणनासाठी २०१२ मध्ये आलेल्या कॉन्डानेही समाधेयतेचीच कास धरली.

लिनक्स वितरणांना हा प्रश्न भाषांच्या इन्स्टॉलरांपेक्षा सौम्य रूपात भेटतो, आणि त्याचे श्रेय गणितापेक्षा संपादनाला अधिक आहे. डेबियन १२ मध्ये ६४,४१९ पॅकेजे होती. परंतु त्यातील बहुतेकांची एकेकच आवृत्ती वितरणात ठेवलेली असते, आणि ती इतरांशी जुळते की नाही हे वापरणाऱ्याच्या आधी वितरणाने पाहिलेले असते. नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येते. तेथून ‘चाचणी’ शाखेत जाताना, त्याच्या येण्याने त्या शाखेतील न बसविता येणाऱ्या पॅकेजांची संख्या वाढणार नाही ना, हे ब्रिटनी नावाची आज्ञावली तपासते. मोठ्या लायब्ररीची आवृत्ती बदलते तेव्हा तीवर अवलंबून असलेली शेकडो पॅकेजे पुन्हा बांधून एकदम पुढे सरकवावी लागतात. दोन आवृत्त्या काही काळ एकत्र हव्या असतील तर क्रमांक नावातच घालून त्यांना वेगळी पॅकेजे ठरवितात, उदा., ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीची लिबएसएसएल१.१ आणि लिबएसएसएल३ ही पॅकेजे. मुख्यालय पुणे येथे असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) २००७ मध्ये प्रसृत केलेली बॉस ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवरच बेतलेली असल्याने या संपादनाचा लाभ तिलाही मिळतो.

पळवाटा व त्यांची किंमत : जावास्क्रिप्ट भाषेच्या एनपीएम (२०१०) या इन्स्टॉलरने ‘दोन आवृत्त्या एकत्र नकोत’ हे गृहीतकच सोडून दिले. प्रत्येक पॅकेजाला त्याच्या अवलंबनांची स्वतःची प्रत स्वतःच्या फोल्डरात मिळते. ख ला घ २ आणि ग ला घ १ अशी सोय झाल्यावर भांडण उरत नाही. वाटण्या करून एकत्र कुटुंबातील कटकट मिटवावी तसा हा प्रकार. किंमत प्रथम जागेची असते. त्याच त्या लायब्ररींच्या प्रती साचून फोल्डर अवाढव्य होतात. म्हणून २०१५ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून एनपीएम शक्य तेवढ्या प्रती एकत्र आणतो. याहून गंभीर किंमत अर्थाची आहे. काही लायब्ररी स्वतःजवळ एक सामायिक स्थिती बाळगतात; त्यांच्या दोन प्रती झाल्या की स्थितीही दुभंगते. रिॲक्ट ही लायब्ररी एका पृष्ठावर दोनदा आली म्हणजे तिच्या हुक या सोयी चालेनाशा होतात, हे याचे नेहमीचे उदाहरण. अशा लायब्ररींसाठी ‘ही प्रत मला वेगळी नको, यजमानाचीच हवी’ असे सांगणारे समकक्ष अवलंबन योजावे लागले आणि त्याबरोबर विरोधही परत आला. २०२० मधील सातव्या आवृत्तीपासून एनपीएम असा विरोध दिसताच काम थांबवितो.

रस्ट भाषेचा कार्गो मधला मार्ग घेतो. आपसांत जुळणाऱ्या आवृत्त्यांची एकच प्रत ठेवून न जुळणाऱ्या मोठ्या आवृत्त्यांना तो शेजारी शेजारी नांदू देतो. मात्र घ १ ने निर्माण केलेली वस्तू घ २ च्या हाती देऊ गेल्यास, नाव एकच असले तरी हे दोन भिन्न प्रकार आहेत, असे संकलक ठणकावून सांगतो. निक्स या साधनात (एल्को डोल्स्ट्रा यांचा प्रबंध, २००६) प्रत्येक पॅकेजाच्या मार्गनामातच ते ज्या सामग्रीपासून बांधले त्या सर्वांचा सांकेतिक ठसा असतो. त्यामुळे एका यंत्रावर कितीही आवृत्त्या राहू शकतात. तथापि एकाच चालू आज्ञावलीच्या पोटात दोन आवृत्त्या आल्या तर निक्सलाही इलाज नाही. पायथनमध्ये तर ती शक्यताच नसते, कारण तेथे एका प्रक्रियेत एका नावाचे एकच मॉड्यूल असते. प्रत्येक प्रकल्पाला वेगळे आभासी पर्यावरण देऊन निदान प्रकल्पाप्रकल्पांतील विरोध टाळतात.

रस कॉक्स यांनी २०१८ मध्ये गो भाषेसाठी मांडलेली लघुतम आवृत्ती-निवड ही या सर्वांत धीट म्हणावी लागेल. तीत ‘अमुक आवृत्तीपेक्षा कमी नको’ एवढीच अट घालता येते. वरची मर्यादा घालण्याची सोयच नाही. एकाने घ ची किमान १.२ आणि दुसऱ्याने किमान १.४ ही आवृत्ती मागितली, तर १.९ उपलब्ध असली तरी १.४ च निवडली जाते. मागे फिरण्याचा प्रसंग कधीच येत नाही. मोठा बदल करणाऱ्या लेखकाने पॅकेजाचे नावच बदलावे असा नियम आहे. शोधाचा भार इन्स्टॉलरवरून काढून लेखकांच्या शिस्तीवर टाकण्याचा हा सौदा आहे, आणि शिस्त जेथे मोडते तेथे तो महाग पडतो.

क्रमांकांची विश्वासार्हता : इन्स्टॉलर पॅकेजांची परीक्षा घेत नाही, तो फक्त त्यांची टिपणे वाचतो. टिपणात खोटे असेल तर तर्क कितीही अचूक असला तरी निष्कर्ष खोटाच निघेल. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी पुरस्कारिलेल्या अर्थवाही क्रमांकनात तीन अंक असतात : जुने वापर मोडणारा बदल झाल्यास पहिला, जुने न मोडता भर घातल्यास दुसरा आणि केवळ दोषदुरुस्ती केल्यास तिसरा अंक वाढवितात. परंतु दोषदुरुस्तीनेही कोणाचे तरी काम मोडू शकते, कारण त्या दोषावरच कोणीतरी विसंबलेला असतो. लायब्ररीचे लेखक म्हणून एका पेचात सापडतात. वरची मर्यादा घातली तर नवी आवृत्ती प्रत्यक्षात चालत असूनही इन्स्टॉलर ती नाकारतो. न घातली तर भविष्यात काय येईल याचा भरवसा नाही. संख्यात्मक गणनाच्या नमपाय या लायब्ररीची २.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. २००६ नंतरचा हा तिचा पहिला मोठा बदल होता. जुन्या आवृत्तीवर संकलित केलेली पॅकेजे तीबरोबर चालू शकत नव्हती. ज्यांनी ‘२ पेक्षा कमी’ असे लिहून ठेवले होते ती वाचली, इतरांच्या वापरकर्त्यांना रातोरात बिघाड सोसावा लागला. मात्र अठरा वर्षे ती मर्यादा अनावश्यक ठरली होती, हेही तितकेच खरे.

अशा अनिश्चिततेपासून बचाव म्हणून एकदा मिळालेले उत्तर लॉक फाइलमध्ये लिहून ठेवतात. रूबी भाषेच्या बंडलरने ही प्रथा २०१० मध्ये लोकप्रिय केली. फाइलीत प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ती आणि बहुधा त्याचा सांकेतिक ठसा असतो. पुढच्या वेळी शोध न करता तोच संच बसविला जातो. विरोध यामुळे नाहीसा होत नाही, लॉक फाइल नव्याने करण्याच्या दिवसापर्यंत लांबणीवर पडतो. ती दोन-तीन वर्षे तशीच ठेवणाऱ्यास सर्व विरोध एकाच दिवशी भेटतात.

अनेक उत्तरांतून निवड : सर्व अटी पाळणारे उत्तर एकच असेल असे नाही, आणि त्यांतील प्रत्येक उत्तर वापरणाऱ्यास मान्य असेल असेही नाही. सर्व पॅकेजे काढून टाकलेला रिकामा संगणक हा तर्कदृष्ट्या पूर्णपणे निर्विरोध असतो. म्हणून उत्तरांना प्राधान्यक्रम लावावा लागतो. एडॉसनंतरच्या मॅन्कूसी प्रकल्पात (२००८–११) भरविलेल्या इन्स्टॉलरांच्या स्पर्धांत दोन कसोट्या ठेवल्या होत्या : ‘भित्री’ कसोटी आधी काढून टाकलेल्या आणि मग बदललेल्या पॅकेजांची संख्या कमीत कमी ठेवते, ‘नवतेची’ कसोटी काढलेल्या पॅकेजांनंतर जुनाट राहिलेल्या पॅकेजांची संख्या कमी करू पाहते.

प्राधान्यक्रम चुकल्यास काय होते याची दोन उदाहरणे एकाच वर्षातील आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉप!_ओएस या वितरणावर स्टीम ही खेळांची आज्ञावली बसवू पाहणाऱ्या एका वापरकर्त्याच्या संगणकावरून संपूर्ण डेस्कटॉपच नाहीसा झाला आणि ते चित्रफितीतून असंख्य लोकांनी पाहिले. पॅकेजांच्या आवृत्त्यांत विसंगती आल्याने एपीटीला डेस्कटॉप काढून टाकणारे उत्तरच तेवढे मिळाले होते. त्याने काढावयाच्या पॅकेजांची यादी दाखविली आणि संमतीसाठी एक पूर्ण वाक्य टंकण्यास सांगितले. ते टंकले गेले. यंत्राने नियम मोडला नव्हता, परंतु लांबलचक यादीतून एखादी घातक ओळ सामान्य माणसाला वेगळी ओळखू येईल ही अपेक्षाच अवास्तव होती. पुढे एपीटीमध्ये ते वाक्य टंकून अत्यावश्यक पॅकेजे काढण्याची सोय बंद करण्यात आली. दुसरे उदाहरण फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झाले. अनेक कंपन्या आपली खाजगी पॅकेजे खाजगी भांडारात ठेवतात, पण त्यांचे इन्स्टॉलर सार्वजनिक भांडारही पाहतात आणि दोहोंकडे एकच नाव आढळल्यास मोठ्या क्रमांकाची आवृत्ती उचलतात. एका सुरक्षा-संशोधकाने खाजगी पॅकेजांच्याच नावाची, भल्या मोठ्या क्रमांकाची पॅकेजे सार्वजनिक भांडारात ठेवली आणि ती मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांत आपोआप शिरली. ‘नवी ती चांगली’ हे निरुपद्रवी वाटणारे प्राधान्य येथे घुसखोराला दार उघडून देते. नाव प्रथम ज्या भांडारात सापडेल त्याबाहेर न पाहणे हा त्यावरील एक उपाय असून यूव्ही (२०२४) या पायथनच्या इन्स्टॉलराने तो स्वीकारला आहे.

अपयशाचे स्पष्टीकरण : उत्तरच नसते तेव्हा ‘विरोध आहे’ एवढे सांगून भागत नाही. समाधेयतेच्या साधनांना ‘नाही’ हे उत्तर पुरेसे वाटे. वापरणाऱ्याला मात्र कोणत्या अटी एकमेकींना अडवितात हे हवे असते. नॅटली वाइझेनबॉम यांनी डार्ट भाषेसाठी रचलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पबग्रब या रीतीत शोधाच्या ओघात शिकलेली प्रत्येक विसंगती तिच्या कारणांसह जपून ठेवतात. शोध फसला की तीच कारणमाला वाचनीय वाक्यांत मांडता येते : ख २ ला घ २ लागते, ग च्या सर्व आवृत्त्यांना घ २ च्या आधीची आवृत्ती लागते, म्हणून ख २ आणि ग एकत्र येऊ शकत नाहीत, क ला ख २ आणि ग दोन्ही लागतात, म्हणून क बसविता येत नाही. स्विफ्टचा पॅकेज व्यवस्थापक, पायथनचे पोएट्री आणि यूव्ही यांनी हीच रीत घेतली आहे.

असे स्पष्टीकरण हाती आल्यावर पुढचे काम माणसाचे असते. ग च्या लेखकाला मर्यादा सैल करण्यास सांगणे, क ची जुनी आवृत्ती वापरणे किंवा ग ला पर्याय शोधणे हे सरळ मार्ग होत. ते बंद असतील तर ‘घ २ च बसवा, ग काही म्हणो’ अशी सक्ती करण्याची सोय बहुतेक इन्स्टॉलरांत असते. ही सक्ती फक्त सर्वांत वरच्या प्रकल्पात लिहिता येते. एखाद्या लायब्ररीने आपल्या टिपणात ती लिहिली तरी त्या लायब्ररीच्या वापरकर्त्यांकडे इन्स्टॉलर ती विचारात घेत नाही, कारण तसे केले असते तर दोन लायब्ररींच्या सक्तींचाच एकमेकींशी विरोध आला असता आणि तो सोडविण्यास वरचा कोणी उरला नसता.